कच्च्या फाइलमधली एक ओळ

पत्र थोडक्यात : स्त्री, वय ३६. हौस म्हणून घरी किट मागवून, लाळ देऊन डीएनए तपासून घेतला. कंपनीच्या अहवालात पूर्वजांची टक्केवारी आणि केस कुरळे की सरळ, एवढंच होतं. मग कंपनीकडून मिळालेली ‘रॉ डेटा’ची फाइल दुसऱ्या एका संकेतस्थळावर टाकली. तिथून आलेल्या लांबलचक यादीत एक ओळ लाल अक्षरांत होती : ‘बीआरसीए-१, रोगकारक’. म्हणजे ज्या जनुकातल्या बिघाडाने स्तनाच्या आणि बीजांडकोशाच्या कॅन्सरचा धोका वाढतो, ते जनुक. आई ६३ वर्षांची, ठणठणीत. तिच्या माहेरी कुणालाच कॅन्सर नाही. वडिलांची आई पन्नाशीत ‘पोटाच्या कॅन्सर’ने गेली, पण तो कॅन्सर वेगळा आणि ती बाजूही वेगळी. धाकटी बहीण पाच महिन्यांची गरोदर आहे. भाऊ आहे, पण त्याचा यात संबंध नाही. तीन आठवडे झोप नाही. बहिणीला आत्ता सांगावं की बाळंतपणानंतर? गप्प राहिलं तर अपराधी वाटतं. शस्त्रक्रिया करून मोकळं व्हावं, असंही मनात येतं. आणि डीएनएतच लिहिलेलं आहे म्हटल्यावर ते खोटं कसं असेल?

---

शेवटचा प्रश्न आधी घेऊ, कारण बाकीचे सगळे त्यावर उभे आहेत.

डीएनए खोटं बोलत नाही, हे मान्य. पण तुमच्यापर्यंत जे पोचलंय ते तीन हात बदलून आलंय. एका यंत्राने डीएनएवरून अंदाज केला, एका सॉफ्टवेअरने त्या अंदाजाला नाव शोधलं, आणि त्या नावापुढे कुणीतरी कधीतरी लिहिलेला शेरा उचलून तुम्हाला लाल रंगात दाखवला. तिन्ही ठिकाणी गफलत होऊ शकते. सगळ्यात मोठी गफलत पहिल्याच पायरीवर होते.

घरगुती किटवाल्या बहुतेक कंपन्या डीएनए ‘वाचत’ नाहीत. वाचणं म्हणजे सिक्वेन्सिंग, एकामागून एक अक्षर (ए, सी, जी, टी ही डीएनएची चार अक्षरं). या कंपन्या चिप वापरतात. माणसाच्या जीनोममध्ये, म्हणजे संपूर्ण डीएनएमध्ये, सुमारे ३ अब्ज अक्षरं असतात आणि चिप त्यातल्या साधारण सहा-सात लाख ठरलेल्या जागा तेवढ्या पाहते. प्रत्येक जागेसाठी चिपवर डीएनएचा छोटा तुकडा बसवलेला असतो. तुमच्या लाळेतला डीएनए त्याला चिकटला की रंग चमकतो : समजा एका अक्षराला लाल, दुसऱ्याला हिरवा. आईकडून एक आणि बापाकडून दुसरं आलं असेल, तर दोन्ही चमकतात.

आता या चमकेचा आलेख डोळ्यांसमोर आणा. आडव्या अक्षावर लाल, उभ्यावर हिरवा, प्रत्येक माणूस एक ठिपका. हजारो माणसांचे ठिपके मांडले की तीन झुबके दिसतात : एक आडव्या अक्षालगत, एक उभ्या अक्षालगत आणि एक मधोमध तिरपा. अक्षरातला तो बदल लोकांत सर्रास आढळणारा असेल, तर तिन्ही झुबके भरगच्च असतात आणि नवा ठिपका कुठल्या झुबक्यातला हे सहज कळतं. डोळ्यांचा रंग, केसांचा कुरळेपणा इथे चिप उत्तम काम करते. पण बदल लाखात एखाद्याकडेच असेल तर? आलेखावर एकच झुबका असतो, आणि दूर कुठेतरी एक चुकार ठिपका. तो खरोखर वेगळ्या माणसाचा, की लाळेचा नमुना कमजोर होता, की शेजारच्या अक्षरातल्या एखाद्या निरुपद्रवी बदलामुळे तुकडा नीट चिकटला नाही? यंत्राला ते ठरवता येत नाही, कारण दुसरा झुबका कुठे असायला हवा हे त्याने कधी पाहिलेलंच नसतं. कधी ते रकाना रिकामा सोडतं, कधी अंदाज ठोकतं. तुमची लाल ओळ हा असाच ठोकलेला अंदाज असण्याची शक्यता बरीच मोठी आहे.

किती मोठी? एक्सेटर विद्यापीठातल्या संशोधकांनी यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या आरोग्य आणि जनुकांच्या माहितीच्या मोठ्या साठ्यातल्या सुमारे ५०,००० लोकांचे चिपचे निकाल त्यांच्याच सिक्वेन्सिंगशी ताडून पाहिले. २०२१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ते प्रसिद्ध झालं. बीआरसीए-१ आणि त्याच्या जोडीचं बीआरसीए-२ या जनुकांमधल्या रोगकारक बदलांबाबत चिपने ‘आहे’ म्हटलेल्यांपैकी फक्त ४.२ टक्के लोकांत तो बदल खरोखर सापडला.

हा आकडा पचायला जड जातो, म्हणून हिशेब मांडू. १०,००० माणसं घ्या. त्यात असा बदल असलेली माणसं २० धरा. चिपने त्यातली जेमतेम ७ पकडली, कारण तिची पकड त्या अभ्यासात ३४.६ टक्के निघाली. उरलेल्या ९,९८० जणांत ती ‘फक्त’ १.७ टक्के वेळा चुकली, म्हणजे सुमारे १७० जणांना उगाच लाल ओळ. एकूण लाल ओळी १७७, खऱ्या ७. यंत्र फार वाईट आहे असं नाही. शोधायची गोष्टच इतकी विरळा आहे की थोडी चूकही खऱ्याला बुडवून टाकते. हाच हिशेब उलटा वाचा : २० पैकी १३ जणांना चिपने ‘काही नाही’ सांगितलं. तेव्हा ज्या वाचकांच्या यादीत लाल ओळ आली नाही, त्यांनीही हुश्श करू नये.

२०१८ मधल्या दुसऱ्या एका अभ्यासात डॉक्टरांनी खात्रीसाठी पाठवलेले ४९ रुग्ण होते. तिथे रॉ डेटातल्या बदलांपैकी ४० टक्के खोटे निघाले. हे रुग्ण डॉक्टरांनी निवडून पाठवलेले होते, म्हणून आकडा सौम्य. तुमच्या बाबतीत नेमकी टक्केवारी कुणालाच सांगता येणार नाही, पण दोन्ही अभ्यासांतून एवढं नक्की निघतं की त्या ओळीवर विसंबून काहीही करायचं नाही.

आता दुसरा हात, म्हणजे नाव शोधणारं सॉफ्टवेअर. फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडा. वर ‘#’ने सुरू होणाऱ्या ओळी असतील, त्या वाचा. ‘वैद्यकीय वापरासाठी नाही’ असं बऱ्याचदा तिथेच लिहिलेलं असतं आणि कुणी वाचत नाही. खाली चार रकाने : ‘आरएस’ क्रमांक (डीएनएतल्या त्या जागेचा नोंदणी क्रमांक), क्रोमोसोम, जागा आणि तुमची दोन अक्षरं. तुमची ओळ क्रोमोसोम १७ वर असेल. डीएनएला दोन धागे असतात, ‘ए’समोर ‘टी’ आणि ‘सी’समोर ‘जी’. बीआरसीए-१ हे जनुक त्यातल्या उलट्या धाग्यावर बसलेलं आहे, त्यामुळे वैद्यकीय नोंदीत ‘टी’च्या जागी ‘सी’ असा बदल लिहिला असेल, तर फाइलमध्ये तोच ‘ए’च्या जागी ‘जी’ असा दिसतो. संकेतस्थळाने धागा उलटवला नाही, तर निरोगी माणूस रोगी ठरू शकतो. दुसरी नेहमीची चूक अशी, की एकाच आरएस क्रमांकाखाली दोन-तीन वेगवेगळे बदल नोंदलेले असतात, त्यातला एक रोगकारक आणि बाकीचे निरुपद्रवी. काही संकेतस्थळं क्रमांक जुळला की घंटा वाजवतात, अक्षर बघतच नाहीत. तिसरी चूक : अक्षरं गळणं किंवा वाढणं फाइलमध्ये ‘डी’ आणि ‘आय’ असं लिहितात. सामान्य अवस्था यातली ‘डी’ की ‘आय’, हे जागेगणिक बदलतं.

तिसरा हात म्हणजे शेरा. क्लिनव्हार या सार्वजनिक नोंदवहीत तुमचा आरएस क्रमांक टाकून पाहा. नोंदीपुढे तारे असतात, शून्य ते चार. तज्ज्ञ मंडळाने तपासलेल्या नोंदीला तीन तारे. शून्य किंवा एक तारा आणि सोबत ‘परस्परविरोधी मतं’ असा शेरा असेल, तर संकेतस्थळाने त्यातलं सगळ्यात भीतिदायक मत उचललेलं असू शकतं. ही तपासणी मन थोडं थाऱ्यावर आणण्यापुरती. ती करून तुम्ही स्वतःला ‘पास’ किंवा ‘नापास’ करू नका.

निर्णय व्हायचा तो नव्या तपासणीने. जनुकीय समुपदेशक किंवा वैद्यकीय जनुकशास्त्राच्या ओपीडीची वेळ घ्या. ते नसेल तर कॅन्सरतज्ज्ञाची. जाताना फाइल, त्या ओळीचा छापील कागद आणि तीन पिढ्यांची वंशावळ न्या : कोण, कुठल्या वयात, कुठला कॅन्सर, दोन्ही बाजूंनी. नमुना नवा द्यायचा, जुन्या लाळेवर भिस्त नाही. प्रयोगशाळा वैद्यकीय तपासणीसाठी मान्यता असलेली हवी (आयएसओ १५१८९ हे त्यासाठीचं आंतरराष्ट्रीय मानक आहे).

तपासणी कुठली, हे नीट ठरवून घ्या. फक्त ती एक जागा सँगर पद्धतीने (छोटा तुकडा अक्षर-अक्षर वाचून) बघणं सर्वांत सुटसुटीत, पण तुमच्या बाबतीत ते पुरेसं नाही. चिपने खोटं काही दाखवलं असेल तशीच ती खरं काही चुकवूही शकते, आणि आजीचा कॅन्सर अजून उलगडलेला नाही (तो बीजांडकोशाचाही असू शकतो, त्याबद्दल शेवटी). म्हणून निदान बीआरसीए-१ आणि २ ही दोन्ही जनुकं पूर्ण वाचून घ्यावीत, सोबत ‘डिलीशन-डुप्लिकेशन’ची (मोठे तुकडे गळाले किंवा दुप्पट झाले का, याची) तपासणी मागावी. जनुकाचा मोठा तुकडाच गळालेला असेल तर तो अक्षरवाचनात निसटू शकतो. कॅन्सरशी संबंध असलेली पीएएलबी-२ वगैरे आणखी जनुकं धरून मोठं पॅनेल (अनेक जनुकांची एकत्र तपासणी) करायचं का, हे समुपदेशकाशी बोलून ठरवा. जनुकं वाढवली की अनिश्चित निकालही वाढतात, आणि तुमची सध्याची मनःस्थिती पाहता तो भार लहान नाही. निकालाला साधारण दोन ते चार आठवडे धरा.

निकाल तीन प्रकारचा येईल. रोगकारक बदल सापडला, तर पुढचं खाली आहे. ‘अर्थ अनिश्चित’ असा बदल सापडला, तर तो निकाल नव्हे. त्यावरून शस्त्रक्रिया नाही आणि बहिणीची तपासणीही नाही. दर एक-दोन वर्षांनी वर्गीकरण बदललं का ते विचारायचं. असे बरेच बदल पुढे निरुपद्रवी ठरतात. आणि काहीच सापडलं नाही, तर ती लाल ओळ निकालात निघाली. पण इथे लोक हमखास घसरतात : तुमचा निगेटिव्ह म्हणजे बहिणीचा निगेटिव्ह नव्हे. आजीच्या अंगी खरंच असा बदल असला, तर तो वडिलांकडे येण्याची शक्यता निम्मी आणि तिथून तुम्हा प्रत्येक भावंडाकडे पुन्हा निम्मी. तुमच्या वाट्याला आला नाही, म्हणून तिच्या वाट्याला आला नसेल असं होत नाही. त्यासाठी वडिलांची तपासणी जास्त कामाची.

यातून पत्रातली दोन गृहीतकं उघडी पडतात. ‘ती बाजू वेगळी’ म्हणालात, पण हे जनुक बापाकडूनही तितकंच येतं. वडिलांना स्वतःला काही झालेलं नसतं, म्हणून ती बाजू वंशावळीत गप्प दिसते, एवढंच. आणि भावाचा संबंध नाही असं नाही. त्याच्याकडे असण्याची शक्यता तुमच्याइतकीच, त्याच्या मुलींकडे जाण्याचीही तितकीच. बीआरसीए-२ असेल तर पुरुषांत प्रोस्टेटचा आणि क्वचित स्तनाचाही कॅन्सर वाढतो. घरात ही गोष्ट फक्त बायकांत कुजबुजली जाते आणि भाऊ कोराच राहतो, हे फार वेळा घडतं.

आता बहिणीचं. ‘आत्ता की बाळंतपणानंतर’ असे दोनच पर्याय तुम्ही धरले आहेत. तिसरा आहे, आणि माझ्या मते बरोबर तोच : खात्री झाल्यानंतर. तिचे चार महिने शिल्लक आहेत, तुमचा निकाल त्याआधी हातात येईल. या मधल्या आठवड्यांत तुम्ही गप्प राहिलात, तर तुम्ही काही लपवत नाही आहात. सांगण्याजोगं अजून तुमच्या हातात आलेलंच नाही. आत्ता सांगितलंत तर तीही जागी राहील, आणि बहुधा खोट्या गोष्टीसाठी. शिवाय गरोदरपणी करण्यासारखंही फारसं नसतं : स्तनाच्या एमआरआयला लागणारं औषध या काळात टाळतात, प्रतिबंधक शस्त्रक्रियेचा विचारही नंतरचा. अपवाद एकच, आणि तो तिच्या जनुकांवर अवलंबून नाही. स्तनात गाठ लागली, तर ‘गरोदरपणात होतं असं’ म्हणून सोडू नये. सोनोग्राफी या काळातही करता येते.

निकाल खरा निघाला, तरी थेट बातमी सांगू नका, आधी विचारा. तिला न कळण्याचाही हक्क आहे, आणि एकदा ऐकलेलं परत न ऐकलेलं करता येत नाही. असं काहीसं म्हणता येईल : ‘आपल्या घरच्या कॅन्सरच्या इतिहासाबद्दल मला तपासणीतून काही कळलंय. तुझ्याशी संबंध असू शकतो. आजच्या आज काही करायला लागणार नाही. तुला आत्ता ऐकायचंय, बाळ झाल्यावर, की मी तुझ्या डॉक्टरांसाठी पत्र देऊन ठेवू?’ असं नातेवाइकांसाठीचं पत्र समुपदेशक तयार करून देतात. त्यात बदलाचं नेमकं नाव हवं, कारण तेवढ्यावर तिची तपासणी सोपी आणि स्वस्त होते. नावावरून एक घोळ होतो, तो आधीच सांगून ठेवू : जुन्या कागदांत ‘१८५-डेल-एजी’ आणि नव्यांत ‘सी.६८_६९-डेल-एजी’ दिसलं, तर ते दोन बदल नव्हेत, एकच. मोजणी कुठून सुरू करायची ते मध्यंतरी बदललं. तिच्या होणाऱ्या बाळाची तपासणी करायची का, हा प्रश्न निघेलच. माझं उत्तर आहे ‘नको’. हा प्रौढ वयातला धोका आहे. ते मूल मोठं झाल्यावर स्वतः ठरवेल.

शस्त्रक्रियेचा विचार खात्रीआधी मनातही आणू नका. कच्च्या फाइलवर शहाणा सर्जन सुरी धरणारच नाही. खात्री झालीच, तर विषय खरा आहे. हे जनुक डीएनएचे दोन्ही धागे तुटतात तेव्हा ते सांधायचं काम करतं. जन्मतः एक प्रत बिघडलेली असते, आणि पुढे एखाद्या पेशीत दुसरीही गेली की चुका साचत जातात. म्हणूनच धोका वाढतो, पण प्रत्येकीला कॅन्सर होतोच असं नाही. २०१७ च्या मोठ्या अभ्यासात बीआरसीए-१ असलेल्या स्त्रियांत ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कॅन्सर ७२ टक्क्यांना आणि बीजांडकोशाचा ४४ टक्क्यांना, असा अंदाज निघाला.

स्तनांसाठी शस्त्रक्रिया हा एक मार्ग आहे, पण दरवर्षी एमआरआय आणि तिशीपासून मॅमोग्राफी हाही मान्य मार्ग आहे. बीजांडकोशाचं तसं नाही. तिथे लवकर पकडणारी भरवशाची तपासणी नाही, म्हणून मूल होऊन गेलेल्या बीआरसीए-१ वाल्या स्त्रियांना ३५ ते ४० या वयात बीजवाहिन्या आणि बीजांडकोश काढण्याचा सल्ला देतात. तुम्ही ३६ च्या आहात. म्हणजे महिनाभर थांबल्याने काही बिघडत नाही, पण भीतीपोटी फाइल कपाटात टाकून पाच वर्षं काढणंही नको.

रक्त देण्याआधी एक कंटाळवाणं काम : आयुर्विम्याच्या अर्जात जनुकीय तपासणीबद्दल काय विचारतात आणि तुमच्या देशाचा कायदा काय म्हणतो, ते पाहून घ्या. अमेरिकेचा २००८ चा कायदा आरोग्यविमा आणि नोकरीत संरक्षण देतो, आयुर्विम्यात देत नाही. इतरत्र नियम निराळे.

ती फाइल आता कुठे आहे, हेही बघा. ज्या संकेतस्थळावर टाकलीत तिथली फाइल आणि खातं, दोन्ही काढून टाका. फक्त खातं बंद केल्याने फाइल जाईलच असं नाही. मूळ कंपनीत नातेवाईक शोधण्याची सोय चालू असेल तर बंद करा, संशोधनाला दिलेली संमती पुन्हा वाचा, आणि लाळेचा उरलेला नमुना नष्ट करायला स्वतंत्रपणे सांगा. २०२३ साली ट्वेंटीथ्री-अँड-मी या कंपनीची सुमारे १४,००० खाती चोरांनी इतरत्र फुटलेले पासवर्ड वापरून उघडली. पण नातेवाईक शोधण्याच्या सोयीतून माहिती गेली ती सुमारे ६९ लाख लोकांची. मार्च २०२५ मध्ये त्याच कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि ग्राहकांचा डेटा कुणाकडे जाणार हा प्रश्न कोर्टात गेला. तुमच्या फाइलमधला सुमारे निम्मा मजकूर तुमच्या बहिणीचाही आहे. तिला विचारायचं राहून गेलं ते मुळात तिथे.

निकालाची वाट बघताना हाताशी घ्यायचं काम म्हणजे आजी. बीजांडकोशाचा कॅन्सर बहुतेकदा पोटभर पसरल्यावर कळतो, पोटात पाणी होतं, आणि घरच्यांच्या आठवणीत तो ‘पोटाचा कॅन्सर’ म्हणून राहतो. जठराचा असेल तर गोष्ट वेगळी. वडिलांना ‘कुठला कॅन्सर होता?’ असं विचारू नका. उत्तर तेच येईल. पोट फुगलं होतं का, पाणी काढायला न्यावं लागायचं का, उलट्या होत होत्या की नाही, गर्भाशय काढलं होतं का, वॉर्ड बायकांच्या आजारांचा होता का, हे एकेक करून विचारा. जुने कागद, मृत्यूचा दाखला सापडतो का पाहा. आजीला बहिणी किती होत्या आणि त्या कशाने गेल्या, हे वडिलांना आठवत नसेल, तर थोरल्या आत्याला फोन करा.